पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

पानगळ

पाश्चात्त्य कलेचा इतिहास मी काही महिन्यांपासून स्वतःच वाचून शिकण्याचा प्रयत्न करत आहे. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, रोमनेस्क, गॉथिक, प्रबोधनकाळ, बरोक, रोकोको, नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) ही कालखंडांची माळ आता तोंडपाठ झाली असून प्रत्येकाची चार-दोन वैशिष्ट्ये आणि चार-दोन नावेही सांगता येतात. परंतु एखादे अनोळखी चित्र समोर आले की या पाठांतराचा काडीमात्र उपयोग होत नाही. एक बाई पुस्तक घेऊन बसली आहे, तिच्यासमोर पंख असलेला कोणीतरी गुडघे टेकून काही सांगतो आहे, एवढे मला दिसते. ते चित्र चौदाव्या शतकातले की सोळाव्या, इटलीतले की फ्लँडर्समधले, आणि मुख्य म्हणजे ते असेच का काढले आहे, याबद्दल मला एक वाक्यही बोलता येत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ग्रीकांपासून क्रमाने येणे आवश्यक आहे का, की मधूनच कुठूनही शिरता येते? बायबलमधील कथा आणि संतचरित्रे माहीत नसताना या चित्रांच्या वाटेला जाण्यात काही अर्थ आहे का? सूचना शक्यतो प्रत्यक्ष चित्रांसह कराव्यात, कारण ‘पाहायला शिका’ हा सल्ला मला अनेकदा मिळाला आहे, मात्र म्हणजे नेमके काय करायचे हे कोणी सांगितलेले नाही. युरोपातील संग्रहालयांना भेट देणे सध्या शक्य नसल्यामुळे जे काही पाहायचे ते संगणकाच्या पडद्यावरच पाहावे लागणार आहे.

गेरू

तुम्ही सहज म्हणून ज्या चित्राचे वर्णन केले आहे, त्याच विषयापासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. पुस्तक घेतलेली स्त्री म्हणजे मरिया, पंख असलेला तो गब्रीएल हा देवदूत, आणि प्रसंग आहे तो ‘तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्म घेईल’ या निरोपाचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हा प्रसंग जेमतेम १३ वचनांत आटोपतो. त्यात पुस्तकाचा उल्लेख नाही, खोलीचे वर्णन नाही, गब्रीएलला पंख होते असेही म्हटलेले नाही. म्हणजे चित्रात जे जे दिसते त्यातले बहुतेक सगळे चित्रकारांनी, धर्मगुरूंनी आणि पैसे देणाऱ्यांनी भरलेले आहे. विषय एकच ठेवून बाकीचे काय काय बदलत गेले हे पाहण्यासाठी यापेक्षा सोयीचा प्रसंग मला माहीत नाही. कालखंडांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि पाच चित्रे शेजारी शेजारी उघडा.

पहिले चित्र सिमोने मार्तिनीचे. सिएनाच्या कॅथीड्रलसाठी १३३३ मध्ये लिप्पो मेम्मी या सहकाऱ्यासह त्याने लाकडी फळ्यांवर हे वेदीचित्र केले. आज ते फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे. मागे भिंत नाही, आकाश नाही, नुसते सोने आहे. गब्रीएल नुकताच उतरला असावा, कारण त्याच्या चौकड्यांच्या उपरण्याचे टोक अजून हवेतच फडफडते आहे. त्याच्या ओठांपासून मरियेच्या चेहऱ्यापर्यंत अभिवादनाची लॅटिन अक्षरे सोन्यातच उठवलेली आहेत. मरिया अंग चोरून मागे झाली आहे. एका हाताने तिने झगा गळ्याशी ओढून धरला आहे आणि दुसऱ्या हातातल्या पुस्तकात, वाचत असलेले पान हरवू नये म्हणून, अंगठा तसाच घातलेला आहे. मध्ययुगीन चित्रे निर्जीव असतात, असे जे सरसकट सांगितले जाते, ते या अंगठ्यापाशी येऊन थांबते.

दुसरे चित्र फ्रा अँजेलिकोचे, १४४० च्या दशकातले. फ्लॉरेन्सच्या सान मार्को या डोमिनिकन मठात जिना चढून वर गेल्यावर समोरच्याच भिंतीवर ते आहे. सोने गेले, लिलीची फुले गेली, पुस्तकही गेले. एका साध्या ओसरीत मरिया तिपाईवर बसली आहे आणि ओसरीचे खांब मिकेलोत्सो या वास्तुकाराने त्याच मठासाठी उभारलेल्या खांबांच्या जातकुळीचे आहेत, म्हणजे हा प्रसंग जणू इथेच, पलीकडच्या अंगणात घडतो आहे. चित्राखाली लॅटिनमध्ये सूचना आहे, की या प्रतिमेसमोरून जाताना ‘आवे’ (नमस्कार) म्हणायला विसरू नये. खोल्यांकडे जाणारे साधू रोज तिथून ये-जा करत, त्यांच्यासाठी ती आहे. मेदिची घराण्यातील कोसिमो या धनाढ्य सावकाराच्या पैशातून हा मठ नव्याने बांधला गेला होता, तरीही चित्रात श्रीमंतीचा मागमूस नाही. पैसा कमी होता म्हणून ते साधे नाही. मठाची शिस्त तशी होती म्हणून साधे आहे.

तिसऱ्यासाठी आल्प्सच्या उत्तरेला जावे लागते. रॉबर्ट कॅम्पिनच्या कार्यशाळेत सुमारे १४२७ ते १४३२ च्या दरम्यान तयार झालेले, मेरोड वेदीचित्र म्हणून ओळखले जाणारे तीन फळ्यांचे हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या ‘क्लॉइस्टर्स’ या शाखेत आहे. इथे मरिया चांगल्या खात्यापित्या घरातल्या बैठकीच्या खोलीत, बाकाला टेकून जमिनीवर बसली आहे आणि वाचनात इतकी गढली आहे, की देवदूत आल्याचे तिच्या गावीही नाही. टेबलावरची मेणबत्ती नुकतीच विझली असून तिचा धूर अजून वर चढतो आहे. डावीकडच्या गोल खिडकीतून येणाऱ्या किरणांवरून, खांद्यावर क्रूस घेतलेले एक इवलेसे बाळ घरंगळत खाली येत आहे. उजव्या फळीवर योसेफ सुतारकामात दंग आहे आणि त्याने उंदरांचे सापळे तयार केलेले आहेत. येशू हा सैतानाला पकडण्यासाठी लावलेला सापळा होता, या जुन्या धार्मिक रूपकाशी त्यांचा संबंध जोडला जातो. डाव्या फळीवर चित्राचे पैसे देणारे पती-पत्नी उघड्या दारापाशी गुडघे टेकून बसले आहेत. आता टेबलाकडे नीट पाहा. त्याचा वरचा भाग आपल्या अंगावर कलंडल्यासारखा दिसतो, कारण फ्लॉरेन्समध्ये त्याच सुमारास गणिताने बसवले जात असलेले यथार्थदर्शन, म्हणजे सपाट पृष्ठभागावर जवळ-लांबचा भास निर्माण करण्याची रीत, इथे वापरलेले नाही. उलट पितळेच्या भांड्यावर पडलेली प्रकाशाची तिरीप ज्या बारकाईने रंगवली आहे, तशी त्या काळच्या इटलीत सापडणे कठीण. काळ तोच, पण दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या मानल्या जात होत्या.

चौथे चित्र तिंतोरेत्तोचे, व्हेनिसमधल्या ‘स्कुओला ग्रांदे दि सान रोक्को’ या सेवाभावी धर्मसंघाच्या तळमजल्यावरील दालनात, १५८० च्या दशकातले. इथे गब्रीएल नम्रपणे येत नाही. बालदेवदूतांचा थवा घेऊन तो भिंत फोडून आत घुसल्यासारखा वाटतो. विटांचा गिलावा उडालेला आहे, खुर्चीचे वेत तुटलेले आहेत आणि मरिया दचकून मागे कलली आहे. पाचवे चित्र हेन्री ओसावा टॅनर या पॅरिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी चित्रकाराने १८९८ मध्ये काढले. ते फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. टॅनर आदल्याच वर्षी पॅलेस्टाइनचा प्रवास करून आला होता. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली एक सामान्य मुलगी विस्कटलेल्या अंथरुणाच्या कडेला बसली आहे आणि तिच्यासमोर देवदूत नाहीच, तर प्रकाशाचा एक उभा स्तंभ आहे.

प्रत्येक चित्रासमोर किमान वीस मिनिटे थांबून स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहा: दोन व्यक्तींमध्ये अंतर किती आहे, त्या अंतरात काय ठेवले आहे, प्रकाश कोठून येतो, आणि हे चित्र मूळ जागी कोण, कुठे उभे राहून पाहत असे. ‘पाहायला शिका’ याचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे. बायबलबद्दल म्हणाल, तर उत्पत्तीचे पुस्तक आणि चार शुभवर्तमाने वाचली तरी बरेच भागते. संत त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून ओळखायचे असतात: पेत्राच्या हाती किल्ल्या, कॅथरीनजवळ मोडके चाक, जेरोमच्या पायाशी सिंह, सेबॅस्टियनच्या अंगात बाण, मग्दालिया मरियेजवळ सुगंधी तेलाची बरणी. हे महिन्याभरात आपोआप अंगवळणी पडते.

शाईदौत

गेरू यांच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. त्यांनी दिलेल्या पाच चित्रांपैकी पहिली चार वेगवेगळ्या पृष्ठभागांवर किंवा माध्यमांत आहेत, आणि आपण ज्याला ‘शैली’ म्हणतो त्यातला बराच भाग माध्यमाने ठरवलेला असतो. कलेच्या इतिहासाची बहुतेक प्राथमिक पुस्तके हा भाग तळटिपेत उरकतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मार्तिनीचे चित्र टेम्पराचे आहे, म्हणजे रंगद्रव्य अंड्याच्या पिवळ्या बलकात खलून लावलेले. हा रंग बघता बघता वाळतो, त्यामुळे ओल्यात ओला रंग मिसळून गालाची गोलाई साधता येत नाही. ती शेजारी शेजारी ओढलेल्या बारीक रेघांनी साधावी लागते. चित्र मोठे करून मरियेच्या हनुवटीपाशी गेलात तर या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. त्वचेखाली हिरवट मातीचा थर देण्याची पद्धत होती. वरचा गुलाबी रंग झिजला किंवा उडाला की तो थर वर येतो, आणि म्हणूनच त्या काळातले अनेक चेहरे आज आजारी असल्यासारखे हिरवे दिसतात. सोन्याचा वर्खही थेट लाकडावर बसत नाही. आधी पांढरे अस्तर, त्यावर तांबड्या मुलायम मातीचा थर, आणि मग वर्ख घोटून चकचकीत करायचा. जिथे सोने घासले गेले आहे तिथे ती तांबडी माती डोकावते. उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे आणि तो इतका महाग होता, की कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे कधी कधी करारपत्रातच लिहिले जाई. मरियेचा झगा निळा असण्यामागे भक्ती आहेच, पण देणगीदाराची ऐपतही आहे.

सान मार्कोचे चित्र फ्रेस्को आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि रंग त्यातच बंदिस्त होतो. गिलावा ओला असेपर्यंतच काम करता येत असल्याने रोज जेवढे रंगवायचे तेवढाच भाग लिंपला जाई, आणि या रोजच्या तुकड्यांचे सांधे तिरप्या प्रकाशात आजही ओळखू येतात. या घाईमुळे फ्रेस्कोत आकार मोठे, निश्चित आणि मोजके राहतात. ही घाई लिओनार्दोला मानवणारी नव्हती. मिलानच्या ‘अखेरच्या भोजना’साठी, १४९५ ते १४९८ च्या दरम्यान, त्याने वाळलेल्या भिंतीवर रंग लावला, त्याच्या हयातीतच तो सुटू लागला, आणि विसाव्या शतकातला त्याचा जीर्णोद्धार १९७८ ते १९९९ असा चालला.

मेरोडचे चित्र ओकच्या फळीवर तैलरंगात आहे. तेल सावकाश वाळते, पारदर्शक पातळ थर एकावर एक देता येतात, म्हणून पितळेची चमक आणि मेणबत्तीचा धूर शक्य होतो. तैलरंगाचा शोध यान व्हॅन आइक या फ्लेमिश चित्रकाराने लावला, ही जुनी समजूत खरी नाही. तेल त्यापूर्वीही वापरात होते, त्याने आणि त्याच्या समकालीनांनी ते कुठवर नेता येते हे दाखवले. तिंतोरेत्तोचे काम कॅनव्हासवर आहे, कारण व्हेनिसच्या दमट, खाऱ्या हवेत फ्रेस्को टिकत नसे आणि जहाजांच्या शिडांमुळे कापड त्या शहरात मुबलक होते. एवढे समजल्यावर ‘व्हेनिसचे चित्रकार रंगाला प्राधान्य देतात आणि फ्लॉरेन्सचे रेषेला’ हे ठरीव वाक्य पाठ करावे लागत नाही, कारण त्यामागचे निम्मे कारण हाती आलेले असते.

वळचण

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी माझी एक हरकत नोंदवतो. पाच चित्रे गेरू यांच्या क्रमाने लावली की नकळत असे वाटू लागते, की चित्रकार हळूहळू ‘सुधारत’ गेले: आधी सोनेरी पार्श्वभूमी, मग ओसरी, मग खरी खोली, मग हालचाल. ही गोष्ट एका माणसाने फार परिणामकारकपणे सांगितली. जॉर्जो व्हसारी हा स्वतः चित्रकार आणि वास्तुकार होता. त्याने १५५० मध्ये, आणि पुन्हा वाढवून १५६८ मध्ये, इटालियन कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. जोत्तोपासून निघालेली कला पायरी पायरीने चढत मायकेलअँजेलोपाशी शिखर गाठते, असा त्याचा आराखडा आहे. तो फ्लॉरेन्सच्या दरबारात होता आणि त्याचे बहुतेक नायकही तिथलेच, ही बाब विसरता कामा नये. आज आपण जी कालखंडांची माळ पाठ करतो तिच्यातले अनेक मणी त्यानेच ओवले आहेत. बायझंटाइन चित्रकाराला अवकाशाची खोली दाखवता येत नव्हती असे नाही. प्रार्थनेच्या प्रतिमेत ती त्याला नको होती.

ग्रीकांपासून यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की यावे, पण तिथे मुक्काम करू नये. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला इ. स. पू. सुमारे ५९० ते ५८० चा संगमरवरी तरुण पाहा. तो पुढे डावा पाय टाकून उभा आहे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, खांदे आणि कंबर पाटीसारखी सरळ. मग अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातला ‘क्रितिओस बालक’ पाहा, इ. स. पू. सुमारे ४८० चा. वजन एका पायावर गेले आहे, दुसरा गुडघा सैल आहे, त्यामुळे एका बाजूचा नितंब किंचित वर चढला आहे आणि मान जराशी वळली आहे. एवढा सूक्ष्म बदल, पण तो पुढे दोन हजार वर्षे पुरला. दोनातेल्लोचा दावीद आणि मायकेलअँजेलोचा दावीद हे दोघेही याच पद्धतीने उभे आहेत. यासोबत दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. एक, ग्रीकांची नावाजलेली शिल्पे बहुतांशी काशाची होती आणि ती वितळवली गेली. पोलिक्लाइतोसचा ‘भालाधारी’ आपल्याला फक्त रोमन काळातल्या प्रतिकृतींवरून माहीत आहे, आणि १९७२ मध्ये इटलीच्या दक्षिणेला रियाचेजवळ समुद्रात दोन मूळ काशाचे पुतळे सापडले तेव्हा ते एवढे गाजले, ते या दुर्मिळतेमुळेच. दोन, संगमरवरी शिल्पे रंगवलेली असत. शुभ्र ग्रीक शिल्प ही प्रबोधनकाळाने आणि त्यानंतरच्या अभ्यासकांनी मनावर ठसवलेली प्रतिमा आहे.

आणखी एक धागा गेरू यांच्या यादीतून सुटला आहे. मरियेचा विषय घेतला की सतराव्या शतकातल्या डच प्रजासत्ताकात तो जवळपास नाहीसाच होतो, आणि हे नाहीसे होणेच शिकण्यासारखे आहे. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंट जमावांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडली. पुढे उत्तरेकडच्या चर्चमधून वेदीचित्रांची मागणीच उरली नाही आणि चित्रकारांना घरोघरच्या भिंतींसाठी, बाजारात विकली जातील अशी चित्रे करावी लागली. निसर्गचित्रे, स्थिरवस्तुचित्रे, पत्र वाचणाऱ्या आणि दूध ओतणाऱ्या स्त्रिया हे सगळे त्या बाजारातून आले. त्याच काळात कॅथलिक रोममध्ये उलटे घडत होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांचे समर्थन केले होते आणि चर्चना लोकांच्या काळजाला हात घालणारी चित्रे हवी होती. काराव्हाज्जोचे ‘मत्तयला पाचारण’ १५९९ ते १६०० मधले. रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमधल्या ज्या छोट्या प्रार्थनागृहासाठी ते केले, तिथेच ते आजही आहे. चित्रात खिडकी आहे, पण प्रकाश तिच्यातून येत नाही. तो येशूच्या मागून, उजवीकडून वरून येतो आणि जकातवसुलीच्या टेबलाभोवती पैसे मोजत बसलेल्यांच्या तोंडावर पडतो. येशूचा उचललेला हात मायकेलअँजेलोने सिस्टीन प्रार्थनागृहाच्या छतावर रंगवलेल्या आदामाच्या हातासारखा आहे. हे ओळखणारा प्रेक्षक काराव्हाज्जोने गृहीत धरला होता.

स्त्री चित्रकार या इतिहासात कमी का दिसतात, असा प्रश्न पुढे कधीतरी पडेलच. प्रतिभेच्या अभावाकडे बोट दाखवण्याआधी नियम पाहावेत. मोठी कथाचित्रे करायची तर नग्न मॉडेलवरून अभ्यास हवा, आणि तोच स्त्रियांना नाकारलेला होता. आर्तेमिझिया जेंतिलेस्की १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या अकादमीत प्रवेश मिळवू शकली, पण ती चित्रकाराची मुलगी होती आणि वडिलांच्याच चित्रशाळेत शिकली होती. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाविद्यालयाचे दरवाजे स्त्रियांसाठी १८९७ मध्ये उघडले.

पानगळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाचही चित्रे उघडून पाहिली आणि मार्तिनीच्या चित्रातला अंगठा प्रत्यक्ष पाहिल्यावर एवढा वेळ तो दिसला कसा नव्हता, असे वाटले. आता एक उपप्रश्न. धर्म आणि दरबार होता तोपर्यंतचे चित्र ‘कोणासाठी, कशासाठी’ या प्रश्नांनी उलगडते, हे पटले. परंतु १८६० नंतरच्या फ्रेंच चित्रांपाशी आलो की माझी वाट पुन्हा हरवते. एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवर लोक संतापले, असे सर्वत्र वाचतो. ती चित्रे आज मला मुळीच संतापजनक वाटत नाहीत. मग त्यात नेमके काय नवीन होते?

उंबरठा

इथेही जोडीने पाहण्याचीच पद्धत वापरा. एका बाजूला तिशियानची ‘उर्बिनोची व्हीनस’ ठेवा, १५३८ मधली, उफीझीतली. दुसऱ्या बाजूला मानेची ‘ऑलिम्पिया’, १८६३ मध्ये काढलेली आणि १८६५ च्या पॅरिस सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, लावलेली, आता म्युझे द’ओर्सेमध्ये असलेली. मानेने तरुणपणी तिशियानच्या या चित्राची प्रतिकृती केली होती, त्यामुळे साम्य योगायोगाचे नाही. दोन्हींत एक विवस्त्र स्त्री डोके डावीकडे ठेवून पहुडली आहे, मागे पडद्याने चित्राचे दोन भाग केले आहेत. तिशियानने पायाशी झोपलेला कुत्रा ठेवला, तो निष्ठेचे प्रतीक. मानेने त्या जागी शेपटी उभारलेले काळे मांजर आणले. तिशियानच्या मागच्या दालनात दासी पेटाऱ्यातून कपडे काढत आहेत; मानेची कृष्णवर्णीय दासी कोणा ग्राहकाने पाठवलेला फुलांचा गुच्छ पुढे करते आहे. व्हीनसचा हात सैलसा पडलेला आहे, ऑलिम्पियाचा हात ठामपणे दाबून ठेवलेला आहे. ती थेट आपल्याकडे पाहते, आणि तो गुच्छ आपणच पाठवला आहे की काय, असा पेच प्रेक्षकासमोर टाकते. सलोनला येणाऱ्या प्रतिष्ठित पुरुषांची अडचण नग्नतेमुळे झाली नव्हती, नग्न देवता तिथे दरवर्षी रांगेने असत. ही देवता नव्हती, त्यांच्याच शहरातली, दर ठरवून भेटणारी स्त्री होती.

मग रंगवण्याची पद्धत पाहा. तिशियानने उजेडापासून सावलीपर्यंत जाताना मधल्या छटांच्या अनेक पायऱ्या ठेवल्या आहेत, म्हणून अंग गोल आणि उबदार वाटते. मानेने त्या पायऱ्याच काढून टाकल्या. समोरून पडलेल्या प्रखर उजेडात शरीर जवळजवळ सपाट दिसते आणि कडेला गडद रेघ आहे. त्या काळच्या समीक्षकांना हे चित्र अपुरे, गलिच्छ वाटले, कारण अकादमीत वर्षानुवर्षे गिरवलेली गोलाईची कसरत त्यात कुठेच नव्हती.

संताप समजण्यासाठी अकादमीची उतरंडही माहीत हवी. १६४८ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच शाही कला अकादमीने चित्रांचे दर्जे ठरवले होते: सर्वांत वर धर्म, पुराण आणि इतिहासातले प्रसंग, त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन जीवन, निसर्ग आणि सर्वांत तळाशी स्थिरवस्तू. कॅनव्हासचा आकारही या दर्जाला शोभणारा असावा, अशी अपेक्षा असे. कुर्बे या वास्तववादी चित्रकाराने १८४९–५० मध्ये आपल्या ओर्नां गावातला एक सामान्य दफनविधी सुमारे ३.१५ मीटर उंच आणि ६.६ मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवला, तेव्हा खरा अपमान आकाराने झाला. राजांसाठी राखलेली जागा त्याने शेतकऱ्यांना आणि कबर खोदणाऱ्याला दिली होती. ही उतरंड डोक्यात ठेवलीत की दृक्प्रत्ययवाद्यांनी १८७४ मध्ये सलोन टाळून स्वतःचे प्रदर्शन का भरवले, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याला शाईदौत यांना आवडेल असे एक भौतिक कारणही आहे. जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये रंगासाठी पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत, त्या फुटत आणि रंग लवकर वाळे. नळी आल्यावर पूर्ण चित्र उघड्यावर बसून संपवणे सोपे झाले. त्यातच १८३९ मध्ये छायाचित्रणाची घोषणा झालेली होती आणि १८५० च्या दशकात जपानचे दरवाजे उघडल्यावर तिथले लाकडी ठशांचे छाप पॅरिसमध्ये येऊ लागले होते. सपाट रंग, कडेला कापलेल्या आकृती, उंचावरून घेतलेला दृष्टिकोन या गोष्टी त्या छापांत होत्याच. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन छापांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या, त्या अवश्य पाहा. त्यानंतरच्या घनवादाकडे (क्युबिझम) इतक्यात वळू नये असे मला वाटते. सेझानची सफरचंदे नीट पाहिल्याखेरीज पिकासोचे १९०७ चे ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ समोर ठेवले तर पुन्हा वैशिष्ट्यांची यादीच पाठ करावी लागेल.

गेरू

पडद्यावर पाहणाऱ्यासाठी दोन सूचना राहून गेल्या. पडदा सगळी चित्रे एकाच मापाची करतो. मेरोड वेदीचित्राची मधली फळी जेमतेम ६४ सेंटीमीटरची, घरात हाताच्या अंतरावरून पाहायची. तिंतोरेत्तोचा कॅनव्हास सव्वाचार मीटर उंच आणि साडेपाच मीटर रुंद. म्हणून चित्र उघडताच आधी मापे पाहा, आणि शक्य असल्यास भिंतीवर खडूने किंवा टेपने तेवढी चौकट आखून तिच्यासमोर उभे राहा. रंगांसाठी स्वतः संग्रहालयाने दिलेली प्रतिमाच वापरावी. मेट्रोपॉलिटन आणि आम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम आपली हजारो चित्रे मोठ्या आकारात विनामूल्य देतात, व्हॅन आइकच्या गेंट येथील वेदीचित्राच्या भेगा-भेगा दाखवणारे ‘क्लोजर टू व्हॅन आइक’ हे संकेतस्थळ आहे, आणि ‘स्मार्टहिस्ट्री’वर एकेका कलाकृतीसमोर उभे राहून दोन अभ्यासकांनी केलेल्या छोट्या चर्चा आहेत. शेवटच्या साधनाकडे स्वतःचा परिच्छेद लिहून झाल्यावरच जावे, आधी नव्हे.

दुसरे, चित्राखालची पाटी शब्दशः वाचा. मेरोडच्या पाटीवर कॅम्पिनचे नाव एकटे नसून ‘कार्यशाळा’ असे लिहिलेले आहे. म्हणजे गुरू, शिष्य आणि मदतनीस यांचे हात त्यात मिसळले आहेत आणि कोणता भाग कोणाचा यावर मतभेद आहेत. ‘यांचे मानले जाते’, ‘यांच्या वर्तुळातील’, ‘यांच्यावरून’ या प्रत्येक शब्दप्रयोगात खात्री उतरत जाते, आणि ‘यांच्यावरून’ म्हणजे तर मूळ चित्राची नंतर कोणीतरी केलेली नक्कल. या पाट्या बदलतातही. रेम्ब्रांटच्या नावावर शंभर वर्षांपूर्वी असलेली कितीतरी चित्रे आज त्याच्या शिष्यांच्या नावाने टांगलेली आहेत, तेव्हा जुन्या पुस्तकातले नाव आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचे नाव जुळले नाही, तर संकेतस्थळावरचे धरून चालावे.